फडातले बालपण : हेळसांड नेमकी कुणाची?

मुलांवर होणाऱ्या अन्यायाचे कायदा आणि समाजशास्त्र दोन ठळक प्रकार मानतात : अत्याचार आणि हेळसांड. अत्याचाराला आरोपी असतो, म्हणून गुन्हा नोंदवता येतो, मोर्चा निघतो, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. हेळसांडीत मात्र जे करायला हवे होते ते झालेले नसते. तिथे आरोपी शोधू गेले की नजर थेट आईबापांवर जाते. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे नीट पाहिले तर ही नजर किती चुकते ते कळते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र पूर्ण बुडते. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर, खाडा झाला तर पैसे कापले जातात. पहाटे अंधारात आई फडात उतरते. तान्हे मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत असते आणि झोळीला झोका देणारी बहीण असते आठ-नऊ वर्षांची. तिची शाळा सुटली ती अशी. या आईला निष्काळजी म्हणण्याआधी विचारायला हवे, की फडाजवळ पाळणाघर असते तर तिने मूल झाडाला टांगले असते का?

हीच बहीण तेरा-चौदा वर्षांची झाली की प्रश्न बदलतो. फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, कडी नाही. तिला तिथे एकटी ठेवण्याची भीती वाटते, गावी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवण्याचीही वाटते. दुसरीकडे, लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला नवी उचल मिळते. भीती आणि उचल एकाच दिशेने ओढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) वीस ते चोवीस वयोगटातल्या, अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के होते, तर बीडमध्ये 43.7 टक्के. बालविवाहाला केवळ अज्ञान किंवा रूढी कारणीभूत मानणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच अपुरे वाटते.

कायद्याची उणीव नाही. 1891 मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्यावरून टिळक-आगरकरांच्या पुण्यात केवढे रण माजले होते. 1929 चा शारदा कायदा आला, मग 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा. त्याच्या कलम 13 नुसार न्यायदंडाधिकारी लग्नाआधीच मनाई हुकूम देऊ शकतात आणि कलम 14 नुसार तो मोडून लावलेले लग्न कायद्याच्या लेखी झालेलेच नसते. मनाई हुकुमाचे हे कलम फार मोलाचे आहे, कारण ते मुलीला लग्नाच्या आधी वाचवते. 2015 च्या बालन्याय कायद्याने तर बालविवाहाचा धोका असलेल्या मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी). पण हळद लागल्याची खबर त्याला देणार कोण? जो देईल त्याला त्याच गावात राहायचे असते. 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करणाऱ्याचे नाव फुटणार नाही अशी खात्री गावाला पटेपर्यंत भिंतीवरच्या घोषणांचा उपयोग थोडाच.

जनजागृतीची दिशा इथेच बदलावी लागते. आज आपण आईबापांना सांगतो, ‘अठराच्या आत लग्न करू नका.’ तितक्याच जोराने कारखान्याचे संचालक, शिक्षण विभाग आणि आमदार यांना सांगायला हवे, की मुलीला सहा महिने सुरक्षित राहायला जागा द्या. मुलांची शाळा टिकवायला, त्यांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवून शाळेत जेवण देणारी हंगामी वसतिगृहे हा उपाय चांगला आहे. पण मंजुरी दिवाळीनंतर आली, तर मूल तोवर बैलगाडीत बसून गेलेले असते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले. या पैशातला किती वाटा फडावरच्या पाळणाघरांना जातो, हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारला गेला पाहिजे.

तो विचारला जात नाही, याचे एक कारण वेळापत्रकात आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला हे लोक गावात नसतात. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, तेव्हा हंगाम सुरू झाला होता. जो मतदार सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात असतो, त्याच्या मुलांचा विषय पुढाऱ्याला तातडीचा वाटत नाही.

म्हणून गावोगावच्या शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना आणि सरपंचांना एवढीच विनंती : 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला टोळ्या गावातच असतात. त्याच दिवशी स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी नावानिशी वाचा, हंगामी वसतिगृहाच्या मागणीचा ठराव करा आणि दसऱ्याच्या आत मंजुरी हातात येईपर्यंत पंचायत समितीचा पाठपुरावा सोडू नका.