ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील यंत्रसंदेशवहन : माध्यमाच्या निवडीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात रेल्वे, कारखाने, औद्योगिक वसाहती व कामगार यांचा विचार सातत्याने होत आला आहे. यंत्राची खबर दूर बसलेल्या नियंत्रकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचत होती, हा प्रश्न मात्र बहुधा अभियंत्यांवर सोपविला जातो. संदेशाचे माध्यम वेग आणि खर्च पाहून निवडले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. या परिसरातील दाखले पाहता, मार्ग कोणाच्या मालकीचा हा मुद्दा त्याहून निर्णायक ठरलेला दिसतो.

पहिला दाखला विजेचा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात उपकेंद्रांमधील संदेशवहनाचा मोठा भार ‘पॉवर लाइन कॅरिअर’ या पद्धतीवर होता. उच्चदाबाच्या ज्या तारेतून वीज वाहते, त्याच तारेवर काही दशक ते काही शतक किलोहर्ट्झच्या लहरी चढवावयाच्या. दोन्ही टोकांना कपॅसिटरच्या साहाय्याने त्या घालावयाच्या व उतरवावयाच्या. आणि ‘वेव्ह ट्रॅप’ नावाचे वेटोळे बसवून त्या उपकेंद्राच्या आत पसरू द्यावयाच्या नाहीत, अशी ही रचना. तिची वहनक्षमता तुटपुंजी होती. बोलणे, संरक्षक यंत्रणेचे इशारे आणि थोडे आकडे एवढेच तिच्यातून जाई. तरीही ती टिकली, कारण मनोरे व तारा मंडळाच्याच होत्या. बाहेरच्या कोणाकडे तक्रार घेऊन जावे लागत नव्हते. पुढे मनोऱ्यांच्या माथ्यावरील भू-तारेच्या पोटात ऑप्टिकल फायबर आले. वेग अनेक पटींनी वाढला, पण मालकी बदलली नाही.

कारखानदारांकडे स्वतःचे मनोरे नव्हते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट हे त्याचे आरंभीचे क्षेत्र ठरले. डोंबिवलीची वसाहत त्यानंतरची. या दोन वसाहतींमध्ये काही किलोमीटरांचेच अंतर आहे. परंतु १९८६ नंतर ठाणे शहराचे दूरध्वनी महानगर टेलिफोन निगमकडे गेले आणि कल्याण-डोंबिवली दूरसंचार विभागाकडे, व २००० पासून भारत संचार निगमकडे राहिले. वागळे इस्टेटीतून डोंबिवलीला भाडेतत्त्वावरील तार घ्यावयाची, तर ती दोन संस्थांच्या हद्दींतून जाणार, हे ओघानेच आले. उलट मोबाइल परवान्याच्या मुंबई क्षेत्रात मुंबई व नवी मुंबईबरोबर कल्याणचाही समावेश होता. तारेच्या नकाशावरील सीमा लहरींच्या नकाशावर पुसली गेली. मोडेम व सिमकार्ड बसविलेल्या उपकरणांच्या प्रसाराचा विचार करताना या प्रशासकीय तपशिलाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

मालकीचा प्रश्न प्रदूषण नियंत्रणात अधिक टोकदार होतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रवर्गांना व सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना अखंड मापन करणारी उपकरणे बसविण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षाच्या जानेवारीत डोंबिवलीतील हिरव्या पावसाची चर्चा राज्यभर झाली होती. रासायनिक व कापडप्रक्रिया कारखान्यांच्या या गावात अशा मापनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मोजमाप उद्योगाच्या हातून न जाता थेट मंडळाच्या सर्व्हरवर पोहोचावे, अशी अपेक्षा होती. पण उपकरण उद्योगाचे, जोडणीचे बिल उद्योगाचे, आणि वाट खासगी वा सरकारी दूरसंचार कंपनीची. आकडे येणे थांबले, तर नेटवर्क गेले की कोणी कळ दाबली, हे सर्व्हरला कळत नाही. म्हणूनच जागेवर नोंद साठविणाऱ्या डेटा लॉगरला मोडेमइतकेच महत्त्व द्यावे लागते. २००५ मध्ये परवानामुक्त झालेला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आणि २०१६ मध्ये प्रमाणित झालेले ‘एनबी-आयओटी’ तंत्र यांनी पर्याय वाढविले. पहिल्यात कारखान्याला स्वतःचे जाळे उभारता येते, दुसऱ्यात मोबाइल कंपनीवर विसंबावे लागते. म्हणजे प्रश्न जुनाच, फक्त उपकरणे नवी.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा–पडघे ४०० केव्ही वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे व नवी मुंबई अंधारात गेली. पडघे हे चंद्रपूरहून येणाऱ्या ७५२ किलोमीटर लांबीच्या एकदिश प्रवाह वाहिनीचे टोक. राज्याचे भार प्रेषण केंद्र ऐरोलीला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता वर्तविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती नाकारून मानवी चूक हे कारण दिले. या मतभेदाचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत यंत्रनियंत्रणाचे जाळे इंटरनेटला जोडलेल्या कार्यालयीन जाळ्यापासून पूर्णतः अलग ठेवण्यास वीजसंस्थांना सांगितले आहे.