खोनोमानं बंदूक खाली ठेवली

नागालँडमधलं खोनोमा आम्हा फौजींना माहीत असतं ते १८७९च्या लढाईमुळे. इथल्या अंगामी योद्ध्यांनी इंग्रजांना चार महिने झुंजवलं. मला त्यांची दुसरी लढाई मोठी वाटते. शिकार हा इथला पिढीजात अभिमान. पण ट्रॅगोपान हा देखणा पक्षी संपत चालला, तेव्हा १९९८ साली गावानंच जंगल राखीव करून शिकार बंद केली. जुन्या शिकाऱ्यांना ते सहज पटलं नाही. मी आयुष्यभर बंदूक वागवली. ती खाली ठेवायला किती धैर्य लागतं, हे मी जाणतो.

आपण काय करायचं? जंगल पाहायला गेलात, तर गावातलाच वाटाड्या घ्या, गावातच मुक्काम करा. राखणाऱ्याची चूल पेटली, तरच जंगल टिकेल. जय हिंद.