जिनगराची पेटी

बंदुकीचा इतिहास लिहिणारे पंडित नळी, चाप आणि बार यांचे वर्णन मोठ्या तपशिलाने करतात. परंतु ज्या आवरणावाचून त्र्यंबक-इगतपुरीच्या एका पावसाळ्यात ती नळी गंजली असती आणि दारू ओली होऊन माती झाली असती, त्या चामड्याकडे व ते मढविणाऱ्या हाताकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते.

पेशवाईतील शिपायाजवळ बंदुकीची पेटी म्हणावी अशी वस्तू नव्हतीच. जळता तोडा, रंजकेचे शिंग, गोळ्यांची पिशवी, आणि काडतुसांचा प्रचार झाल्यावर कमरेचे तोसदान, एवढा त्याचा सरंजाम. आणि त्यातील चामडी काम, जीन व म्यान यांच्याबरोबरच, जिनगराच्या हातचे. 'जीन' फारशी, 'गर' हा प्रत्ययही फारशी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले खरे, पण जिनगर मात्र लोकांच्या तोंडी जिनगरच राहिला; विंचूरकरांसारख्या सरदारांच्या पागा नाशिकच्या ज्या मुलखात नांदल्या, तेथे त्याला दुसऱ्या नावाची गरजही नव्हती.

हे काम एका हाताचे नव्हे. ढोर समाजातील कारागिराने कातडे चुन्यात मुरवून, केस काढून, बाभळीची साल, हिरडा व तरवड यांच्या काढ्यात दिवसचे दिवस कमवावे, तेव्हा ते मढविण्याजोगे होई. पेटी मढविण्याची रीत ऐकायला सोपी आहे: लाकडी सांगाड्यावर सरस लावून ओलसर चामडे ताणून बसवायचे, म्हणजे वाळताना ते आपोआप आवळते. खरे कसब कडांचे. तेथे रापीने चामडे कागदासारखे पातळ तासले नाही, तर कोपऱ्यावर गाठ येते, आणि ती गाठ मग जन्मभर कारागिराची चहाडी सांगते.

1818 साली नाशिक कंपनी सरकारच्या अमलाखाली गेले आणि शिलेदारांच्या फौजा मोडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरावयाची बंदूक रूढ झाली, तेव्हा शिंग आणि रंजक अडगळीत पडून साहेबाच्या सामानात एक नवी वस्तू दिसू लागली: ओक लाकडाची, चामड्याने मढविलेली, पितळी कोपऱ्यांची पेटी, जिच्या आत नळी, दस्ता, गज व तेलाची कुपी यांना स्वतंत्र कप्पे असत. आतले अस्तर लाल वा हिरव्या बनातीचे असे, आणि ते केवळ शोभेसाठी नसे. कमावलेल्या चामड्यातील तुरट अंश पोलादाला गंजवितो, आणि चामड्याच्या पट्ट्यात राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा कळक चढतो. म्हणून चामडे बाहेर आणि बनात आत, हा त्या धंद्याचा नियम. ज्या द्रव्याने पावसाला अडवावे त्यालाच शस्त्रापासून दूर ठेवावे लागावे, हा मला त्या पेटीतील सर्वांत मार्मिक विचार वाटतो.

पुढे 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती. एतद्देशीयाला परवाना लागे. मग अशी पेटी मागवणार कोण? संस्थानिक, एखादा जहागीरदार, किंवा साहेब. आणि ते ती लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड यांच्यासारख्या पेढ्यांकडून बंदुकीसह आणवीत. ज्याच्या पूर्वजांनी फौजांचे जीन शिवले, तो जिनगर ओतकामाकडे वा मूर्तिकामाकडे वळला.

तरीही हत्यारांची जी पेटी नाशिकच्या इतिहासात राहिली, ती ना साहेबाची, ना संस्थानिकाची. 1909 च्या प्रारंभी लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस पाठविली, ती दुहेरी तळाच्या पेटीतून. त्यांतील एक 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती होते, आणि कलेक्टर जॅक्सन नाटकाला येत होते. बंदुकीच्या पेटीला लागणारा परवाना या पेटीपाशी कोणी मागितलाच नव्हता.