भरती-तुकड्यांची तुलना : अमेरिकेतील छोट्या महाविद्यालयांचे बास्केटबॉल

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक दरवर्षी हायस्कूल संपवून येणारे काही नवे खेळाडू मिळवतो. एका वर्षी आलेल्या अशा गटाला तिकडे ‘रिक्रूटिंग क्लास’ म्हणतात; या नोंदीत त्याला भरती-तुकडी म्हटले आहे. यंदा कोणाची तुकडी सरस, ही चर्चा तिथल्या क्रीडाजगतात वर्षभर चालते. मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत ती खेळाडू वसतिगृहात पाऊल टाकण्याआधीच संपलेली असते आणि तिला काही आधारही असतो. छोट्या महाविद्यालयांतही त्याच पद्धतीने याद्या लावल्या जातात, पण तिथे तो आधार उरत नाही. छोट्या महाविद्यालयाची तुकडी ज्या दिवशी जाहीर होते त्या दिवशी तिच्याबद्दल फार थोडे ठाऊक असते. तिची खरी तुलना तिसऱ्या-चौथ्या हंगामात होते, आणि तेव्हा दोनच प्रश्न निर्णायक ठरतात : किती जण टिकले आणि टिकलेले किती खेळले.

‘छोटी महाविद्यालये’ म्हणजे कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याच्या सहभागाने १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत छोट्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे एनएआयए ही संघटना उभी राहिली. एनसीएए या मोठ्या संघटनेने १९५७ पासून छोट्यांसाठी वेगळी ‘कॉलेज डिव्हिजन’ स्पर्धा घेतली आणि १९७३ मध्ये सगळ्या सदस्यांची डिव्हिजन वन, टू आणि थ्री अशी विभागणी केली. एनएआयए, डिव्हिजन टू आणि थ्री मिळून बनलेल्या छोट्यांच्या या जगात पैशाचे नियम एकसारखे नाहीत. डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला १० पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वापरता येते आणि ती हव्या तितक्या खेळाडूंत वाटता येते. एकाला निम्मी, दुसऱ्याला फक्त पुस्तके आणि भोजन, असेही चालते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. विद्यार्थ्याला मिळणारी मदत घरची आर्थिक स्थिती आणि गुणपत्रिका पाहून ठरते, आणि खेळाडूंना इतरांपेक्षा झुकते माप मिळत नाही ना, याची तपासणी होते. म्हणजे दोन तुकड्या शेजारी ठेवताना त्या एकाच बाजारातून आलेल्या आहेत असे धरता येत नाही.

मोठ्या विद्यापीठांसाठी खेळाडूंना दर्जा दाखवणारे तारे देण्याची पद्धत का चालते, हे कळले म्हणजे ती इथे का चालत नाही हेही कळते. हॉवर्ड गारफिंकेल याने १९६६ मध्ये ‘फाइव्ह-स्टार’ शिबिर सुरू केले आणि त्याच्या वार्तापत्राने हायस्कूलच्या मुलांना दर्जा देण्याची रीत रुजवली. आज २४७स्पोर्ट्ससारख्या सेवा अनेकांच्या गुणांकनाची सरासरी काढून संपूर्ण तुकडीचा गुणांक ठरवतात. त्या सूत्रात तुकडीतील सर्वोत्तम खेळाडूला जास्त वजन आणि खालच्यांना कमी वजन असते. शिखरावरच्या पाच-पन्नास मुलांच्या बाबतीत हे ठीक आहे. त्यांना शेकडो जाणकारांनी उन्हाळ्यातल्या स्पर्धांत एकमेकांविरुद्ध खेळताना पाहिलेले असते, आणि त्यांच्यातले व सामान्य खेळाडूतले अंतरही मोठे असते. अंतर मोठे असले की ढोबळ मोजपट्टीही पुरते. डिव्हिजन टू किंवा थ्रीमध्ये येणारी मुले मात्र गुणवत्तेच्या एका अरुंद पट्ट्यात बसतात. सगळी आपापल्या गावच्या संघातली सर्वोत्तम, सगळी सहा फुटांच्या आसपास किंवा थोडी वर, आणि बहुतेकांना कोणीच तारे दिलेले नसतात. ज्या मोजपट्टीवर दोन्ही तुकड्यांचे गुण शून्य येतात, ती तुलनेच्या उपयोगाची नाही. मग पर्याय म्हणून हायस्कूलची सरासरी, राज्य-संघातील निवड, ‘याला अमुक डिव्हिजन वन संघ विचारत होता’ अशी वाक्ये पुढे केली जातात. यातली शेवटची गोष्ट तर सर्वांत कच्ची. विचारणे आणि प्रत्यक्ष जागा देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सतराव्या वर्षीचे मोजमाप किती अपुरे असते याचे दाखले प्रसिद्ध आहेत. स्कॉटी पिपेन हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा सहा फूट एक इंच होता. सेंट्रल आर्कान्सास या एनएआयए महाविद्यालयात तो शिष्यवृत्तीशिवाय, संघाची व्यवस्था पाहण्याचे काम करत आला. तिथे तो सहा फूट आठ इंच झाला आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या १९८७ च्या खेळाडू-निवडीत पाचव्या क्रमांकावर गेला. डेनिस रॉडमनची उंचीही हायस्कूलनंतरच वाढली. साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेटमधून तो १९८६ मध्ये २७ व्या क्रमांकावर निवडला गेला. अलीकडचा डेरिक व्हाइट कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू संघात तीन हंगाम खेळला, मग कोलोरॅडो विद्यापीठात गेला, २०१७ मध्ये २९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०२४ मध्ये बॉस्टनच्या विजेत्या संघात होता. यावर कोणी म्हणेल की हे हजारांतले एक आहेत, यांच्यावरून नियम कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. ही नावे सरासरी खेळाडूबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत आणि छोट्या महाविद्यालयात हिरे दडलेलेच असतात, असा अर्थ त्यांतून काढणे भाबडेपणाचे आहे. त्यांच्यावरून निघतो तो निष्कर्ष मर्यादित, पण पक्का आहे. एनबीएच्या दर्जाचा खेळाडू भरतीच्या दिवशी ओळखू येत नसेल, तर डिव्हिजन थ्रीमधला चांगला खेळाडू आणि डिव्हिजन थ्रीमधला साधारण खेळाडू यांच्यातला बारीक फरक त्या दिवशी ओळखू येईल, हा दावा टिकत नाही.

तुकडीचा आकार हा दुसरा फसवा आकडा आहे. १९६४ पासून २०२४ पर्यंत चाललेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे बंधनकारक करारपत्र डिव्हिजन थ्रीला कधी लागूच नव्हते. तिथे मुलाने समारंभात सही केली तरी ती हौसेची असते, तिचे बंधन कोणावरच नसते. वसंतात जाहीर झालेल्या आठ नावांपैकी ऑगस्टमध्ये सहाच हजर झाली, तर त्यात नवल नाही. न्यू इंग्लंडमधील विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या निवडक महाविद्यालयांत तर शेवटचा शब्द प्रवेश कार्यालयाचा असतो : प्रशिक्षक उन्हाळ्यात मुलाची गुणपत्रिका आधीच वाचायला पाठवतो आणि होकाराचा अंदाज आल्यावरच त्याच्यामागे लागतो. अशा ठिकाणी तीन जणांची तुकडी ही काटेकोर निवडीची खूण असू शकते. उलट फीवर चालणाऱ्या अनेक छोट्या खासगी महाविद्यालयांना विद्यार्थीसंख्येसाठीच खेळाडू हवे असतात. तिथे एका वर्षी दहा-बारा मुले घेतली जातात, दुय्यम संघ चालवला जातो आणि त्यांतले बरेच जण दुसऱ्या वर्षी खेळ सोडतात. मुलाला आणि त्याच्या पालकांना हे आधी स्पष्ट सांगितले जात नसेल, तर तो अन्याय आहे, आणि मोठ्या तुकडीचे कौतुक करणाऱ्या याद्या त्या अन्यायावर पांघरूण घालतात. मोठा आकार नेहमी असाच असतो असे मात्र नाही. आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाने डेव्हिड आर्सेनो यांच्या काळात पाच-पाच जणांच्या पाळ्या थोड्याथोड्या वेळाने बदलत खेळण्याची पद्धत रूढ केली. त्या संघाला खरोखरच पंधरा-वीस खेळते हात लागतात. तीच दहा जणांची तुकडी एका ठिकाणी गरज असते, तर दुसऱ्या ठिकाणी फीची सोय.

मग मोजायचे काय? सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर पाच जण, म्हणून एका संघाकडे प्रत्येक सामन्यात २०० खेळाडू-मिनिटे असतात. २५ सामन्यांच्या हंगामात ५,०००. एखाद्या तुकडीने तिच्या तिसऱ्या व चौथ्या हंगामात यांतला किती वाटा उचलला, हे उघड नोंदींतून कोणालाही काढता येते. समजा, एका संघाने आठ जण घेतले आणि जाहीर होताना त्या तुकडीची वाहवा झाली. चौथ्या हंगामात त्यांतले दोघे उरले, एक सामन्यामागे २८ मिनिटे आणि दुसरा १८ मिनिटे खेळतो. एकूण ४६, म्हणजे २३ टक्के. शेजारच्या संघाने तिघेच घेतले, कोणी दखल घेतली नाही. चौथ्या वर्षी तिघेही आहेत आणि ३०, २७ व २१ मिनिटे खेळतात. एकूण ७८, म्हणजे ३९ टक्के. आठांची तुकडी तिघांच्या तुकडीपुढे फिकी पडली, आणि त्यासाठी एकाही ताऱ्याची गरज लागली नाही. अर्थात दुबळ्या संघातही २०० मिनिटे कोणीतरी खेळणारच. म्हणून हा वाटा नेहमी एकाच लीगमधल्या संघांत तोलावा आणि त्याच्याशेजारी त्या संघाची क्रमवारी ठेवावी. शेवटच्या क्रमांकावरच्या संघात ३९ टक्के वाटा उचलणे आणि विजेत्या संघात तेवढाच उचलणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

थेट विजेतेपदेच का मोजू नयेत, असे विचारले जाते. कारण विजेतेपद संघाचे असते आणि संघात चार तुकड्या एकत्र खेळत असतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या महिला संघाने नॅन्सी फाही यांच्या हाताखाली १९९८ ते २००१ अशी सलग चार डिव्हिजन थ्री विजेतेपदे जिंकली आणि त्या काळात सलग ८१ सामने जिंकले. १९९७ च्या शरदात दाखल झालेल्या तुकडीच्या वाट्याला चारही आली. पण पहिले विजेतेपद प्रामुख्याने तिच्या आधीच्या मुलींनी उभे केले होते आणि शेवटच्यात तिच्यानंतर आलेल्यांचाही हात होता. चारही करंडक एकाच तुकडीच्या नावे लिहिणे म्हणजे आधीच्या मुलींचे श्रम पुसणे. मिनिटांचा वाटा ही वाटणी निदान प्रामाणिकपणे करतो.

अधिक वजनदार आक्षेप असा की चौथ्या वर्षी मोजले तर भरती कुठे संपली आणि शिकवणी कुठे सुरू झाली, हे कळणारच नाही. हे खरे आहे, आणि ते पूर्णपणे वेगळे करता येतही नाही. मात्र छोट्या महाविद्यालयांत ती दोन कामे बहुधा एकच व्यक्ती, एकाच हिशेबाने करते. मिसूरीच्या मेरीव्हिल गावातील नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटने बेन मॅकॉलम यांच्या काळात २०१७, २०१९, २०२१ आणि २०२२ अशी चार डिव्हिजन टू विजेतेपदे जिंकली. २०१९ चा हंगाम ३८-० असा गेला. २०२४ मध्ये मॅकॉलम डिव्हिजन वनच्या ड्रेक विद्यापीठात गेले आणि त्यांच्यासोबत नॉर्थवेस्टचे चार खेळाडूही गेले. टीकाकारांना वाटले होते की ही मुले वरच्या पातळीवर उघडी पडतील. ड्रेकने तो हंगाम ३१-४ असा संपवला, मिसूरी व्हॅली लीग जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत मिसूरी विद्यापीठाला हरवले. चौघांपैकी बेनेट स्टर्ट्झ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सामन्यामागे तो ३९ मिनिटांहून अधिक खेळत होता. हायस्कूलमधून बाहेर पडताना या चौघांना तारे देणाऱ्या याद्यांत जागा नव्हती. त्यांतला एखादाच चमकला असता तर योगायोग म्हणता आले असते. चौघे मिळून टिकले, म्हणून हा पुरावा पिपेनच्या गोष्टीपेक्षा जड आहे. मॅकॉलम यांना त्या मुलांत जे दिसले, ते त्यांच्या शिकवणीत बसणारे होते. दुसऱ्या प्रशिक्षकाकडे हीच मुले कदाचित बाकावर बसली असती. म्हणजे शिकवणीपासून तोडलेली ‘शुद्ध’ भरती छोट्या महाविद्यालयात शोधणेच मुळात चुकीचे आहे.

संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद जिथे होते त्या ‘ट्रान्सफर पोर्टल’ने मात्र या मापापुढे खरी अडचण उभी केली आहे. २०१८ मध्ये पोर्टल सुरू झाले, २०२१ पासून एकदा संघ बदलताना वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती गेली आणि २०२४ मध्ये कितीदाही बदलण्याची मुभा मिळाली. आता डिव्हिजन वनचे प्रशिक्षक हायस्कूलच्या मुलांपेक्षा खालच्या पातळीवर सिद्ध झालेले खेळाडू पसंत करतात, त्यामुळे छोट्या महाविद्यालयाची सर्वोत्तम मुलेच चौथ्या वर्षापर्यंत उरत नाहीत. ही अडचण पोर्टलच्या आधीही होती. डंकन रॉबिन्सन २०१३-१४ मध्ये विल्यम्सकडून एकच हंगाम खेळला, राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असा हरला आणि मिशिगनला निघून गेला. पुढे मायामीकडून एनबीएत नावारूपाला आला. केवळ टिकण्यावर गुण द्यायचे, तर विल्यम्सची ती भरती वाया गेली असे म्हणावे लागेल आणि ते उघडच चूक आहे. म्हणून मापात एक दुरुस्ती हवी : वरच्या पातळीवर जाऊन तिथे नियमित खेळणाऱ्याची मिनिटे मूळ तुकडीच्या खात्यात, वेगळ्या रकान्यात, दाखवावीत, खेळ सोडलेला आणि वर गेलेला यांना ‘गळती’ या एकाच शब्दाखाली टाकू नये. दोन्ही रकाने मिळून प्रशिक्षकाची पारख सांगतात. फक्त पहिला रकाना महाविद्यालयाला प्रत्यक्ष काय मिळाले ते सांगतो.

उरतो व्यवहाराचा प्रश्न. महाविद्यालयाला प्रशिक्षकाचे काम चार वर्षे थांबून तपासता येत नाही, आणि पालकांनाही आजच निर्णय घ्यायचा असतो. आजच्या आज पाहण्यासारखे असते ते मागच्या तीन-चार तुकड्यांचे काय झाले हेच. गेल्या चार वर्षांतल्या संघयाद्या काढाव्यात, पहिल्या वर्षीची नावे आणि शेवटच्या वर्षीची नावे शेजारी लावावीत, कोण वर गेले आणि कोण नाहीसे झाले ते पाहावे. नवी तुकडी जाहीर झाली की पुढच्या वसंतात संघातून कोणत्या जागांवरचे खेळाडू पदवी घेऊन जाणार आहेत, हेही तपासावे. चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारे दोन खेळाडू (पॉइंट गार्ड) जाणार असताना आणलेल्या पाच उंच मुलांना पहिली दोन वर्षे बाकावरच काढावी लागतील. करोनानंतर एनसीएएने २०२०-२१ च्या हंगामातील खेळाडूंना एक जादा वर्ष दिले तेव्हा त्यानंतरच्या तुकड्यांची जागाच अडली होती. त्या वर्षांतल्या मुलांची कमी मिनिटे त्यांच्या उणिवेची खूण धरू नयेत, आणि ती वर्षे तुलनेत घेताना हा फरक आकड्याशेजारीच नोंदवावा.