काचगृह: घडण आणि अर्थ

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्यात येणाऱ्या काचगृहाचा विचार बहुधा केवळ प्रतीक म्हणून होतो. तथापि त्या प्रतीकामागे बांधकाम-द्रव्याचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर असल्याने घरालगतचे काचगृह धनिकांनाच परवडे. १८१६ साली जॉन क्लॉडियस लाउडन यांनी वाकवता येणारी, घडीव लोखंडाची बारीक पट्टी योजली. तीमुळे सांगाड्याची सावली घटून झाडांना अधिक प्रकाश मिळे. उलट जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थच्या भव्य काचगृहात (१८३६–४०) काचा बसवण्यासाठी लाकडी पट्ट्या निवडल्या. कारण लोखंड गंजते आणि त्याच्या प्रसरण-आकुंचनाने काच तडकते. १८४५ मध्ये काचकर रद्द झाला आणि काचगृह मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात येऊ लागले.

एमिल झोला यांच्या 'ला क्युरे' या कादंबरीत दिवाणखान्यालगतचे उबदार काचगृह नवश्रीमंतीचे व निषिद्ध वासनेचे स्थळ ठरते. मेटरलिंक यांच्या 'सेर शोद' (१८८९) या काव्यसंग्रहात ते कोंडलेल्या मनाचे रूप घेते. मराठीत 'हरितगृह' म्हणताच प्लॅस्टिकखालील फुलशेती आठवते. म्हणून या कृतींच्या अनुवादात घर, ऊब आणि काच हे तिन्ही संदर्भ टिकवणारा शब्द योजावा लागतो. अन्यथा प्रतीकामागील वर्गीय वास्तव वाचकापर्यंत पोहोचत नाही.