रस्त्याला तोंडं किती

माझे वडील मैलकुली होते. चाळीसगाव–धुळे रस्त्यावर मेहुणबाऱ्याच्या अलीकडचा तुकडा त्यांच्याकडे होता. टिकाव, फावडं, घमेलं आणि एक लाल फडकं एवढंच सरकारी सामान. पावसाळ्याआधी चारी उपसायची, साइडपट्टीला मुरूम टाकायचा, लिंबांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा, हद्दीचे दगड जागेवर आहेत ना ते पाहायचं. सुट्टीच्या दिवशी भाकरी घेऊन मी त्यांच्याकडे जायचो, तेव्हा ते बहुधा कुणा शेतकऱ्याशी बोलत उभे असायचे. विषय एकच. त्यानं चारी बुजवून बैलगाडी थेट डांबरावर चढवलेली असायची.

"दादा, शिवरस्त्यानं ये. तिथं मोरी आहे. इथं चारी बुजली तर पाणी रस्त्यावर येईल."

शेतकरी म्हणायचा, शिवरस्ता लांब पडतो. वडील म्हणायचे, दोन खेत लांब पडतो. शेवटी दोघं मिळून माती उकरायचे. दंड करायचा अधिकार वडिलांना नव्हता आणि त्यांनी तो कधी मागितलाही नाही.

पुढं मी रस्त्यांच्याच कामात अभियंता झालो, तेव्हा कळलं की वडील रोज जे करत होते त्याला जगभर एक स्वतंत्र शास्त्र आहे. मोठ्या रस्त्यावर कुठून चढायचं, कुठून उतरायचं, दोन तोंडांमध्ये अंतर किती ठेवायचं, याचं शास्त्र. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं 1979 साली त्यासाठी संपूर्ण राज्याला लागू होणारा कायदा केला. आमच्याकडे ते शिवरस्त्याच्या रूपानं आधीपासून होतं, आणि ते आपण आपल्या हातानं मोडलं असं माझं मत आहे.

गावनकाशा उघडून पाहा. गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो, पायवाट एका तुटक रेषेनं. पाच-पन्नास शेतांची ये-जा एका पाणंदीत गोळा होते आणि ती पाणंद मोठ्या रस्त्याला एकाच ठिकाणी मिळते. प्रत्येक शेताला मोठ्या रस्त्यावर स्वतःचं तोंड नाही, आणि कुणाची वाट अडलेलीही नाही. वाट कुणी अडवलीच तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. वाट मुळातच नसेल तर 1966च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट देतं. खानदेशातल्या शेतकऱ्याला इतर कलमं माहीत नसली तरी 143 तोंडपाठ असतं. वाट मागण्याचा हक्क आणि वाटेची जागा ठरवण्याचा शहाणपणा, दोन्ही एकाच व्यवस्थेत नांदत होते.

चाळीसगावकराला हे समजायला आणखी एक शाळा होती, ती म्हणजे रेल्वे. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला जीआयपी रेल्वे कंपनीची लाइन इथून भुसावळकडे सरकली. 1900 साली धुळ्याचा फाटा सुरू झाला. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी ठरलेली स्टेशनं. गाडी तुमच्या शेतासमोरून जाते म्हणून तुमच्या शेतासमोर थांबत नाही, हे लोकांनी पहिल्या दिवसापासून मान्य केलं. रूळ ओलांडायचे तर फाटकातून. ज्या क्रॉसिंगवर माणूस नव्हता तिथं माणसं मेली, आणि ब्रॉडगेजवरची तसली सगळी क्रॉसिंगं अखेर जानेवारी 2019पर्यंत संपवण्यात आली. लोहमार्गाला फाटक आलं, सडकेला मात्र फाटे फुटत गेले.

सडकेचा कायदा आलाच नाही असं नाही. मोटारी वाढल्या तेव्हा 1927 साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे जयकर. त्यांच्या अहवालातून 1929 साली रस्त्यांचा केंद्रीय निधी आला आणि 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. 1943 साली नागपुरात मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. शेतीच्या समृद्ध भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असं त्यात ठरलं. हेतू सोन्यासारखा होता. पण रस्ता जवळ आल्यावर गावच उठून रस्त्याशी येऊन बसेल, याला उत्तर त्या आराखड्यात नव्हतं.

इंग्लंडात तोपर्यंत हे घडून गेलं होतं. रस्त्यालगत घरांच्या माळा वाढत गेल्या आणि नव्या रुंद सडका बाजारगल्ल्या झाल्या, म्हणून 1935 साली तिथं कायदाच झाला: ठरावीक रस्त्यांच्या मध्यापासून 220 फुटांच्या आत परवानगीशिवाय बांधायचं नाही. आपल्याकडे 1955 साली मुंबई महामार्ग अधिनियम आला. त्यात इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा आल्या. मोकळ्या मुलखात महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरपर्यंत बांधकाम नाही, 75 मीटरपर्यंत नियंत्रण. हे आकडे मी नोकरीभर इतक्या कागदांवर लिहिले की झोपेतही सांगेन. 2002 साली राष्ट्रीय महामार्गांच्या जमीन आणि वाहतूक नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यात तर स्पष्टच म्हटलं आहे की परवानगीशिवाय महामार्गावर वाट काढण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता फाटा कसा वाढतो ते सांगतो. आधी एसटीचा हात दाखवा थांबा. त्याच्याशेजारी पानटपरी, मग चहा, मग पंक्चरचं दुकान. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तिथंच उतरतात, दूधवाले तिथंच कॅन ठेवतात. गाव दोन किलोमीटर आत असतं, पण गावातला उद्योगी माणूस फाट्यावर आलेला असतो. मग कडेची जमीन एनए होते, प्लॉट पडतात, आणि प्रत्येक प्लॉटला आपलं तोंड थेट सडकेवर हवं असतं. पाणंद मागच्या बाजूनं बाभळींत हरवते. यात कुणी वाईट माणूस नसतो. नवरा गेलेल्या बाईनं टपरीवर दोन पोरं शिकवलेली मी पाहिली आहेत. त्या टपरीला अतिक्रमण म्हणताना माझी जीभ जड व्हायची, अजूनही होते.

पण गणित जीभ ओळखत नाही. जिथं दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, ती प्रत्येक जागा टकरीची. साध्या तिठ्यावर अशा 9 जागा असतात आणि चौफुलीवर 32. शंभर मीटरमध्ये हॉटेलांची पाच तोंडं उघडली की पाच तिठे झाले, म्हणजे 45 जागा. ताशी 80च्या वेगातल्या गाडीला समोरचं दिसून थांबेपर्यंत 120 मीटर लागतात, असं आमचं कोष्टक सांगतं. म्हणजे पहिल्या तोंडाशी पोहोचल्यावर ट्रॅक्टर निघालेला दिसला तर गाडी पाचव्या तोंडाच्याही पुढं जाऊन थांबणार.

आमचा घाट या बाबतीत बोलका आहे. 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला आहे. आम्ही त्याला कन्नडचा घाटच म्हणतो. ऑगस्ट 2021च्या अखेरीस ढगफुटीसारखा पाऊस झाला, दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली, आणि खाली तितूर-डोंगरी नद्या चाळीसगावात शिरल्या. ऑगस्ट 2023पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं अवजड गाड्यांना घाट बंद झाला. घाटात धोका उताराचा, वळणांचा आणि दरडींचा. तिथं एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, त्यामुळे सडकेला नवं तोंड फुटत नाही. उतार संपला की मात्र कडेची तोंडं सुरू होतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात आणि चालक नुकताच सैल झालेला असतो, नेमक्या त्या क्षणी.

ही सडक राष्ट्रीय महामार्ग 211 झाली, नव्या क्रमांकांत 52. रुंदीकरणात दुभाजक आले आणि भांडणाचं रूप बदललं. एका ठिकाणी दुभाजक फोडून तोंड पाडलेलं मी स्वतः बुजवून घेतलं होतं. आठ दिवसांत ते पुन्हा फुटलं. पुन्हा बुजवलं, पुन्हा फुटलं. तिसऱ्यांदा जायच्या आधी तिथं एक दूधवाला गेला. माझ्या ओळखीचा होता. उलट्या बाजूनं येत होता, कारण योग्य बाजूनं वळायची जागा फार लांब होती. अहवालात चूक त्याची लिहिली गेली. मला आजही वाटतं की चुकीचा अर्धा वाटा त्या लांब पडणाऱ्या जागेचाही होता. तोंडं बंद करायची तर उघडी ठेवलेली तोंडं माणसाच्या आवाक्यात हवीत. त्याशिवाय दुभाजक फुटतच राहणार.

भूसंपादनाच्या एका बैठकीत एक म्हातारे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आमनी जमीन गयी रस्तामा, मंग आमले वाट नई का?" सगळे गप्प झाले. मला वडिलांचं बोलणं आठवलं. मी त्यांना गावनकाशावर शिवरस्ता दाखवला आणि म्हणालो, बाबा, सर्व्हिस रोड म्हणजे तुमचा शिवरस्ताच, फक्त महामार्गाच्या कडेनं जाणारा. सगळ्यांची वाट त्यात, आणि तोंड एकच, तेही पुलाखाली. त्यांनी नकाशावर बोट फिरवत विचारलं, मग हा आधी का नाही केला? जळगावकरही वर्षानुवर्षं हेच विचारत होते. महामार्ग शहराच्या पोटातून जात होता, माणसं मरत होती, आणि समांतर रस्त्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. आधी महामार्ग आणि मग कधीतरी कडेचा रस्ता, हा क्रमच उलटा आहे. पाणंद आधी, सडक नंतर असा क्रम हवा.

वडिलांच्या तुकड्यावरची मोरी रुंदीकरणात गेली. तिथं आता मोठे पाइप आहेत, पण जागा तीच, कारण पाण्याला आणि शिवरस्त्याला दुसरी जागा नाही. परवा मी तिथं थांबलो होतो. कापसाचा ट्रॅक्टर आतून आला. चालकानं तो खालीच उभा केला, उतरून पायी वर आला, दोन्हीकडे पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला, मागोमागची मोटार जाऊ दिली. मग खाली जाऊन त्यानं ट्रॅक्टर सुरू केला.