छपराचा त्रिकोण

आपल्या सोसायटीच्या गेटवर नावाच्या पाटीवर सिमेंटचा त्रिकोण आहे. त्याचं मूळ गाव ग्रीस. तिथल्या देवळांना दुपाखी छप्पर असे, त्यामुळे दर्शनी बाजूला आपोआप त्रिकोण तयार होई. शोभा नंतर आली.

अथेन्सच्या पार्थेननवर (इ.स.पूर्व 447 ते 432) तो मूर्तींनी भरला. पूर्वेला अथेनाचा जन्म, पश्चिमेला तिची आणि पोसायडनची चढाओढ. कोपऱ्याकडे जागा निमुळती होत जाते. म्हणून मधले देव उभे, पुढचे बसलेले आणि टोकाचे चक्क आडवे! खालून कुणाला दिसणार नाहीत अशा पाठीसुद्धा कोरल्या आहेत. मला हेच फार आवडतं.

1687 मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेला दारूगोळा उडाला. 1801 पासून लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेल्या बऱ्याच मूर्ती उतरवल्या. 1816 पासून त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस त्या परत मागतोय.

रोमनांनी हा त्रिकोण कोनाड्यांवरही बसवला आणि छपराशी त्याचं नातं सुटलं. आपल्याही त्रिकोणामागे छप्पर नाही, वॉचमनची केबिन आहे. तरी येत्या रंगकामात तो पाडू नये, असं माझं मत आहे.